कण्याच्या वॉर्डातला उभा पलंग

मला इथे सगळे उभा पलंग म्हणायचे. पलंग कधी उभा असतो का, असं नवा माणूस हसून विचारायचा. थोड्या वेळानं तोच माणूस छातीला, कमरेला आणि गुडघ्यांना पट्टे बांधून माझ्यावर ताठ उभा असायचा आणि घाबरून सिस्टरचा हात शोधत असायचा. त्यानंतर कुणी माझ्या नावाला हसलेलं मला आठवत नाही.

आता ते नाव घेणारं कुणी राहिलं नाही. नव्या माणसांना माझं जुनं काम माहीत नाही, आणि माहीत असण्याचं काही कारणही नाही. म्हणून माझी हकीकत मीच सांगतोय.

माझा जन्म फिजीच्या उत्तरेकडच्या बेटावर झाला, टेकडीवरच्या सरकारी इस्पितळाच्या सुतारखान्यात. कण्याचं केंद्र वगैरे तेव्हा काही नव्हतं. पुरुषांच्या वॉर्डात अगदी शेवटी, न्हाणीघराच्या भिंतीला लागून दोन खाटा होत्या. नारळावरून पडलेला, उसाच्या ट्रकखाली सापडलेला, रग्बी खेळताना मान मोडलेला असा कुणी आला की त्याला तिथे नेऊन ठेवायचे. फेरीला आलेले डॉक्टर लांबूनच मान हलवायचे. काही महिन्यांत पाठीला जखमा व्हायच्या, मग लघवीत पू, मग ताप. वर्ष सहसा पुरं व्हायचं नाही. वॉर्डातली माणसं त्या कोपऱ्याला ‘धक्का’ म्हणायची. तिथून माणूस पुढच्या बोटीनंच जायचा.

हे मी स्वतः पाहिलेलं नाही, तोरिका सिस्टरच्या तोंडून ऐकलेलं आहे. तोरिका सिस्टर डोंगराकडची. अंगानं दणकट, आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. तिला तीन महिन्यांच्या शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात पाठवलं होतं. तिथल्या एका इस्पितळात तिनं कणा मोडलेली माणसं उभी पाहिली. एका फळीला बांधायचं आणि फळी हळूहळू उभी करायची. त्यानं हाडं पोकळ होत नाहीत, मूत्रपिंडं साफ राहतात, छाती मोकळी होते. तिनं वहीत चित्र काढून आणलं. परत आल्यावर कार्यालयात अर्ज दिला. उत्तर आलं की अशी वस्तू यादीत नाही.

मग ती वही घेऊन बिसेसरकडे गेली.

बिसेसर इस्पितळाचा सुतार. त्याचा आजा ऊस तोडायला हिंदुस्थानातून आला होता. बिसेसर कुबड्या करायचा, कपाटं करायचा आणि लागतील तेव्हा शवपेट्याही करायचा. त्यानं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “सिस्टर, ही काय लांबट पेटी आहे का?”

“पेट्या तुम्ही पुष्कळ केल्यात, बिसेसरभाई,” ती म्हणाली. “आता पेटी लागू नये म्हणून काहीतरी करा.”

नदीवरचा जुना पूल काढला तेव्हाची वेसीच्या लाकडाची एक तुळई त्यानं जपून ठेवली होती. वेसीला वाळवी लागत नाही, पाण्यात कुजत नाही. तिच्या त्यानं माझ्या फळ्या केल्या. एका मोडक्या मासेमारी बोटीचं जाळं ओढायचं चाक आणून माझ्या बाजूला बसवलं. ते फिरवलं की मी आडव्याचा उभा व्हायचो. पट्टे ट्रकच्या ताडपत्रीचे. अकरा दिवस लागले. माझ्यावर पहिल्यांदा चढला तो बिसेसर स्वतः. सिस्टर चाक फिरवत गेली, तो वर वर येत गेला. पार उभा झाल्यावर तिनं विचारलं, काय वाटतंय? तो म्हणाला, “कपाटांवर केवढी धूळ आहे ती दिसतेय.”

तसा मी वॉर्डात आलो. माझी जागा खिडकीपाशी ठरली. तिथून बंदर दिसायचं आणि बंदरावरून इस्पितळाकडे चढणारा रस्ता.

पहिले दोघे फार दिवस टिकले नाहीत. त्यांच्या जखमा आधीच खोल गेल्या होत्या. माझ्यावर उभा राहून जगला तो पहिला माणूस म्हणजे नेमानी.

नेमानी सव्वीस वर्षांचा होता, लहानशा बेटावरचा पाणबुड्या. हवेची टाकी पाठीला बांधून खोल जायचं, समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी सरपटणारे काकडीसारखे जीव, गोळा करायच्या आणि वाळवून चिनी व्यापाऱ्याला विकायच्या. त्याचा थोरला भाऊ वाइसाले बोट सांभाळायचा. बाप लवकर गेला होता, नेमानीला वाइसालेनंच पोहायला शिकवलं होतं. एका दिवशी चौथ्यांदा खाली जाऊन तो वर आला आणि त्याच्या पाठीत कळ उठली. खोलातून झटकन वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात आणि ते कण्याला मारतात. पाव तासात पाय बधिर झाले. भावानं त्याला घरी नेलं. गावातल्या म्हातारीनं तेलानं चोळलं. दोन दिवसांनी बोटीनं इस्पितळात आणलं, तेव्हा कमरेखाली काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी आणायला हवं होतं. वाइसालेनं ते ऐकलं, भावाचं गाठोडं खाटेखाली ठेवलं आणि निघून गेला.

पहिल्या रविवारी चर्च सुटल्यावर नेमानीचं अख्खं गाव आलं. उकडलेला तारो म्हणजे अळूचे कंद, केळीच्या पानात बांधलेले मासे, गाणी. खाटेभोवती उभं राहायला जागा नव्हती. दुसऱ्या महिन्यात चार-पाच माणसं आली. पुढे फक्त आई राहिली. ती खाटेशेजारी चटई टाकून चार महिने झोपली. मग तिचे पाय सुजले आणि तिलाही घरी जावं लागलं. यात कुणाचा दोष नव्हता. बोटीचं भाडं, शेत, मुलं, प्रत्येकाला काहीतरी होतंच. पण आजारपण लांबलं की माणसं कशी एकेक करून कमी होतात ते मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी मोजतही नाही.

वाइसाले त्यात कधीच नव्हता.

रोज सकाळी दहा वाजता नेमानीला माझ्यावर घ्यायचे. पायांना घट्ट पट्ट्या गुंडाळायच्या, कारण झोपलेल्या माणसाला एकदम उभं केलं तर रक्त पायात उतरतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्या दिवशी अर्धा उभा केला तेवढ्यात त्याला घेरी आली. तिसऱ्या आठवड्यात तो पुरता उभा राहिला. माझ्यावर उभं राहणारा प्रत्येक जण आधी खाली आपले पाय बघतो, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. नेमानीनंही तेच केलं. मग त्यानं तोरिका सिस्टरकडे पाहिलं आणि म्हणाला, “सिस्टर, तू एवढी बुटकी आहेस होय? झोपून मला केवढी वाटायचीस.”

“मी बुटकी नाही. तू नारळाचं झाड आहेस,” ती म्हणाली. “किनाऱ्याच्या माणसांना नुसती उंची दिलीय देवानं. अक्कल आम्हा डोंगरवाल्यांकडे.”

“ताजा मासा कधी पाहिला नाही, डब्यातला खाऊन अक्कल येते वाटतं?”

त्यांच्या दोन मुलखांत अशी थट्टा करायची जुनी रीत आहे, कुणी मनावर घ्यायचं नसतं. ते दोघं रोज भांडायचे. मला ते फार आवडायचं. इतर वेळी त्या कोपऱ्यात कुणी बोलत नसे.

पण थट्टा संपली की तो खिडकीबाहेर पाहायचा. समुद्राकडे नाही, रस्त्याकडे. बंदरावर बोट लागली की वर चढणारी माणसं इथून ठिपक्यांएवढी दिसायची. चालीवरून माणूस ओळखता येतो, असं तो म्हणायचा. वाइसाले चालताना डावा खांदा पुढे काढतो. नेमानी तो खांदा शोधत असायचा. त्याची पाठ माझ्या फळीला टेकलेली असायची. कुणी तसा दिसला की त्याचं काळीज जोरानं चालायला लागायचं, ते मला लाकडातून कळायचं. मग माणूस जवळ यायचा, दुसराच निघायचा, आणि ते हळूहळू शांत व्हायचं.

अशी सहा वर्षं गेली.

त्या सहा वर्षांत पुष्कळ काही घडलंही. नेमानीला घरी जाता येईना, कारण त्याचं घर चढावर, सात पायऱ्यांवर, आणि गावात चाकाच्या खुर्चीला रस्ता नाही. तो इस्पितळातच राहिला. खुर्च्या दुरुस्त करायला शिकला, फोमच्या गाद्या शिवायला शिकला. नवा रुग्ण आला की त्याच्या खाटेशी जाऊन सांगायचा, दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं, दुखत नाही म्हणून विसरायचं नाही. डॉक्टरचं न ऐकणारे त्याचं ऐकायचे. तोरिका सिस्टरनं दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम केला आणि तो मोडणाऱ्या नर्सला ती सगळ्यांसमोर झापायची. धक्क्यावरची माणसं मरेनाशी झाली. दोनाच्या चार खाटा झाल्या, चाराच्या सहा. शेवटी जागाच उरली नाही.

तेव्हा नेमानीनं राजधानीतल्या साहेबांना पत्र लिहिलं. त्याचं अक्षर सुंदर होतं. सिस्टरनं ते वॉर्डात मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणून मला पाठ आहे: “आम्ही अजून मेलो नाही, म्हणून खाटा कमी पडत आहेत. क्षमस्व.” उत्तर यायला वर्ष लागलं, पण आलं. कपड्यांच्या कोठीमागचा लांब व्हरांडा आम्हाला मिळाला. बिसेसरनं तो बंदिस्त केला. दारावर ‘कणा विभाग’ असं नाव नेमानीनं स्वतः रंगवलं. खुर्चीत बसून त्याचा हात पोचला तितक्याच उंचीवर. पाहणीला आलेले साहेब दोनदा दारावरून पुढे गेले, त्यांना पाटी दिसलीच नाही.

वर्षातून दोनदा परदेशी डॉक्टर यायला लागले, आठवडाभर राहून शस्त्रक्रिया करायचे. आपलं एक केंद्र व्हावं, आपलाच डॉक्टर असावा, असं सिस्टर तेव्हापासून म्हणायला लागली. लोक हसायचे.

त्याच वर्षी निरोप आला की नेमानीची आई गेली. तिला पुरूनही आठवडा झाला होता. निरोपाखाली एक ओळ होती की गुरुवारच्या बोटीनं वाइसाले येतोय.

नेमानी दिवसभर गाद्या शिवत राहिला. संध्याकाळी सिस्टरला म्हणाला, “त्याला मी उभ्यानं भेटणार.”

“कशाला? उंचीचा धाक दाखवायचाय?”

“हो,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

गुरुवारी त्यानं दाढी केली. फुलांचा शर्ट घातला, कमरेला लुंगीसारखा नवा काळा सुलू गुंडाळला. पट्टे दिसता कामा नयेत असं त्यानं बजावलं होतं. कमरेचे आणि गुडघ्यांचे पट्टे सुलूच्या आत गेले, छातीचा शर्टाच्या आत. माझं तोंड दाराकडे फिरवलं. सिस्टरनं चाक फिरवलं आणि तो उभा राहिला.

बोट उशिरा आली. अर्ध्या तासाच्या वर माझ्यावर कुणाला ठेवत नसत. अर्धा तास झाला, पाऊण झाला. सिस्टर म्हणाली, आता खाली घेते. तो नको म्हणाला. त्याच्या पाठीचा घाम माझ्या फळीत मुरत होता. चेहरा मला दिसत नव्हता, पण सिस्टर त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहत होती त्यावरून तो पांढरा पडला असणार. तिचा हात चाकावरून हटला नाही.

सव्वा तासानं वाइसाले दारात आला. केस पिकले होते. डावा खांदा पुढे. भावाला उभं पाहून तो थबकला आणि त्याच्या तोंडावर असं काही उमटलं की मला ते पुढे कधी कुणाच्या तोंडावर दिसलं नाही. त्याला वाटलं, नेमानी बरा झाला. क्षणभर त्याला खरंच तसं वाटलं. मग त्याची नजर खाली गेली. बोटीचं चाक दिसलं, जमिनीला नीट न टेकलेल्या टाचा दिसल्या.

तो तिथेच जमिनीवर बसला. मांडी घातली, मान खाली घातली आणि झोळीतून ताबुआ काढला. ताबुआ म्हणजे देवमाशाचा दात. आमच्याकडे मोठ्या अपराधाची माफी मागताना तो दोन्ही तळव्यांवर धरून पुढे करतात. समोरच्यानं तो घेईपर्यंत मान वर करायची नसते, उठायचं नसतं. वाइसालेनं रीतीचे शब्द म्हटले. ते संपल्यावर तो साध्या आवाजात बोलला.

“त्या दिवशी मी इंजिन चालू केलं नाही. तीन पोती भरायची राहिली होती. तू म्हणालास पाठ दुखतेय, मी म्हटलं, जरा पड, जाईल.” मग तो म्हणाला, “मला माहीत होतं, नेमानी. शेजारच्या गावातला एक जण असाच लुळा पडला होता. माहीत होतं, तरी मी पोती भरली.”

नेमानीचे हात मोकळे होते, पण ते त्याच्या मांड्यांपाशी लोंबत होते. दात त्याच्यापासून हात-दीड हात खाली होता. त्यानं तो घेतला नाही.

“आई कशानं गेली?” नेमानीनं विचारलं.

“तापानं.”

“माझं नाव काढलं?”

“शेवटी शेवटी मलाच नेमानी म्हणायची.”

नेमानीच्या पाठीतला जोर हळूहळू सुटतोय हे मला जाणवलं. सिस्टरलाही कळलं असावं, ती चाक फिरवायला वाकली. पण आडवा केला तरी त्याचा हात जमिनीपर्यंत पोचणार नव्हता. माझी उंची तेवढी नव्हतीच. इतक्या माणसांना मी वर उचललं, पण त्या एका माणसाला खाली नेणं मला जमण्यासारखं नव्हतं.

“उठ, दादा,” नेमानी म्हणाला. “मला वाकता येत नाही.”

वाइसालेनं मान वर केली. रीत मोडायची की नाही ते त्याला कळेना. मग तो उठला आणि दोन पावलं पुढे आला. आता दोघांचे डोळे समोरासमोर होते. नेमानीनं दात हातात घेतला, छातीशी धरला, आणि त्याच वेळी त्याची मान कलंडली. सिस्टरनं भराभर चाक फिरवलं. मी खाली येत होतो आणि वाइसाले भावाचं डोकं दोन्ही हातांत धरून माझ्याबरोबर खाली वाकत होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं नेमानीला विचारलं, केलंस का माफ? तो म्हणाला, “ते मला अजून माहीत नाही. पण तो तसा जमिनीवर बसलेला मला बघवेना.”

वाइसाले दोन आठवडे राहिला. तिसऱ्या दिवशी वाइसालेनं बिसेसरकडून करवत मागून घेतली आणि व्हरांड्यापासून अंगणापर्यंत लाकडी उतार बांधायला काढला. बिसेसर त्याला चिडवायचा की खुर्ची उतरणार की माणूस नारळावरून घसरणार? वाइसालेनं तो दोनदा मोडून पुन्हा बांधला. तोवर आमच्या विभागातला माणूस अंगणात जायचा तर चार जणांनी उचलावा लागे. आता नेमानी एकटा उतरला. फणसाच्या झाडाखाली जाऊन तासभर बसला. मी खिडकीतून पाहत होतो.

पुढे भावानं गावातल्या घरालाही उतार केला. नेमानी नाताळला घरी गेला, मग दर नाताळला. पण राहायला तो इथेच आला. इस्पितळानं त्याला पगारावर घेतलं. वाइसाले दर महिन्याला यायचा, मासे आणायचा, दोघं उतारावर बसून यांगोना हे मुळांचं गढूळ पेय प्यायचे. कधी कधी चढ्या आवाजात भांडायचेही.

माणसं मग बदलत गेली. बिसेसर गेला. तोरिका सिस्टर निवृत्त झाली. जाताना तिनं माझ्या चाकाला तेल घातलं आणि निघून गेली. त्यानंतर डॉक्टर रोनिल आले. कण्याची शस्त्रक्रिया शिकून परत आलेला इथला पहिला माणूस. त्यांनी आल्या आल्या विजेवर चालणारा उभा पलंग मागवला. तो यादीत होता. बटण दाबलं की आवाज न करता वर जायचा, किती अंशात उभा आहे ते आकड्यात दाखवायचा. मला कोठीत नेऊन ठेवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण माझे पट्टे झिजले होते, चाक मध्येच अडकायचं आणि एकदा एक माणूस थोडक्यात वाचला होता. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं.

कोठीत एकच लहान खिडकी, तीही उंचावर. तिथे मी किती वर्षं होतो ते नीट सांगता येत नाही. बाहेर खोदकाम चालू झाल्याचं ऐकू यायचं, मग काँक्रीट ढवळायच्या यंत्राची घरघर. नवं केंद्र उभं राहत होतं. दोन मजले, शस्त्रक्रियेच्या दोन खोल्या, कण्याच्या आतलं चित्र काढणारं मोठं यंत्र. कोठीत सामान ठेवायला येणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून मी हे जोडत होतो.

एका सकाळी दार उघडलं आणि दोन माणसांनी एक चाकाची खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवली. तिच्यावर फोमची गादी होती, कडेनं दुहेरी शिवण घातलेली. तशी शिवण एकच माणूस घालायचा, तीही फक्त स्वतःच्या गादीला. खुर्ची आहे आणि माणूस नाही, एवढ्यावरून मला जे कळायचं ते कळलं. मला कुणी सांगितलं नाही. पलंगाला कोण सांगणार? केंद्राच्या उद्घाटनाला आठ महिने बाकी होते.

उद्घाटनाच्या दिवशी बँड वाजला, मी भिंतीआडून ऐकला. पुढे कोठी पाडायची ठरली, तेव्हा मोडीत काढायच्या सामानाची यादी घेऊन डॉक्टर रोनिल स्वतः आले. खुर्ची त्यांनी एका रुग्णासाठी दुरुस्त करायला पाठवली. माझ्यावर हात फिरवला, नखानं खरवडून पाहिलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाले की ही वेसी आहे, हिला जाळू नका. मी काय होतो ते त्यांना ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

माझं चाक काढलं, पट्टे काढले. फळी मधोमध कापून दोन तुकडे केले, एक बूड टेकायला, एक पाठीला. खाली लोखंडी पाय लावले. आता मी एक बाक आहे. नव्या केंद्राच्या वरच्या मजल्यावर, वॉर्डाच्या दाराबाहेर.

इथलं काम चांगलं चालतं. मी खोटं बोलणार नाही, आमच्या काळात हे स्वप्नातही नव्हतं. पाठीची नस दबलेली बाई चौथ्या दिवशी स्वतःच्या पायांनी जिना उतरताना मी पाहिली, तेव्हा मला ते खरं वाटेना. ज्यांचे पाय परत येत नाहीत, त्यांनाही महिन्याभरात खुर्ची, शिक्षण, घरी उतार बांधायला माणूस, सगळं मिळतं. सहा वर्षं इथे कुणी राहत नाही. त्यामुळे माझी कुणाशी ओळखही होत नाही. लोक बसतात, उठतात, जातात. नर्सा धावतपळत जातात. वॉर्डातून हसण्याचा आवाज आला की मी कान देतो, पण काय बोलतात ते दारातून कळत नाही.

माझ्यावर बसतात ती सगळी धडधाकट पाठीची माणसं. गंमत म्हणजे ती फार वाकून बसतात. कोपर गुडघ्यांवर, तोंड हातांत.

गेल्या सोमवारपासून एक गृहस्थ येतोय. पन्नाशीचा, उसाचा ट्रक चालवतो. त्याची बायको ट्रकच्या मागच्या फळीवर बसली होती. यानं वळण जोरात घेतलं आणि ती पडली. हे मला नर्सांच्या बोलण्यातून कळलं, तो स्वतः कुणाशी काही बोलत नाही. रोज डब्यात गरम रोटी आणि भोपळ्याची भाजी घेऊन येतो, तासभर माझ्यावर बसतो, डबा नर्सच्या हातात देतो आणि जातो. काल नर्स म्हणाली, “आत या ना, भैया. ती रोज विचारते तुम्ही आलात का म्हणून.”

तो म्हणाला, “उद्या येतो.”

आज तो आलाय. डबा मांडीवर आहे, अजून गरम आहे, मला कळतंय. दोनदा उठला आणि दोनदा बसला.

अहो, मला तुमच्या भाषेत बोलता येत असतं तर एवढंच सांगितलं असतं. ती पाठीवर पडून आहे, तिला छताखेरीज काही दिसत नाही, आणि दाराचा आवाज झाला की ती मान वळवू शकत नसली तरी डोळे वळवते. तिला काय सांगायचं ते ठरवून जाऊ नका, तसं कुणालाच ठरवता येत नाही. आधी जा. दार नुसतं लोटलेलं आहे.